बाविसाव्या मजल्याचा फॉल्ट

सरकारी टेलिफोनमध्ये मी चौतीस वर्षं लाइनमन होतो. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी एवढ्या पट्ट्यात कुठल्या डब्यातून कुठल्या खोलीत तार जाते हे मला डोळे मिटून सांगता यायचं. लालबागच्या आमच्या चाळीत कुशाबा राऊळ या नावाने मला कुणी ओळखत नव्हतं, ‘लाइनमन’ एवढंच म्हणायचे. आता चाळ नाही. तिच्या जागी टॉवर आहे, आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि घरात तारेचा फोन नाही. इंटरनेट आहे. म्हणजे असतं, अधूनमधून.

ज्याने ती लाइन पहिल्यांदा आमच्या घरात टाकली त्याला मी खात्यात असतो तर त्याच दिवशी घरी पाठवला असता. मुख्य दारावर भोक पाडलं, त्यातून काळी, शेवेएवढी बारीक वायर आत ओढली आणि हॉलभर लोंबकळत नेऊन टीव्हीच्या भिंतीवरच्या राउटरच्या पेटीत खुपसली. मधे दोन ठिकाणी चिकटपट्टी. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा कोणी इतकी गलथान बांधत नाही. जिन्याजवळचं वायरींचं कपाट उघडलं तर आत याहून घाण. पाच कंपन्यांच्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या, कशावर नंबर नाही, चिठ्ठी नाही. आमच्या वेळी एका केबलमध्ये शंभर जोड्या असायच्या आणि प्रत्येक जोडीचा रंग पाठ असायचा. यांना आपल्या गिऱ्हाइकाची एक वायर ओळखता येत नाही.

वर्षभर मी ते सहन केलं. गणपतीआधी घर रंगवलं तेव्हा मात्र वायर हातात घेतली. मुख्य दारापासून छताच्या कडेने, बीमपाशी काटकोनात खाली, तिथून बेडरूमच्या दाराच्या चौकटीला धरून पलीकडे आणि सरळ पेटीत. वायर ओढून ताठ केली, कोपरे गुण्यात, अगदी काटकोनी घेतले, वीतभर अंतरावर खिळे मारले आणि वर पांढरी केसिंग पट्टी बसवली. चौकटीजवळ पट्टी जाड होत होती, बेडरूमचं दार लागेना, म्हणून कानशीने घासून तेवढी पातळ केली. दार जरा दाबून लावावं लागायचं, एवढंच. वरून रंगाचा हात फिरवल्यावर वायर कुठून गेलीय ते दिसेनासं झालं. माझी बायको शेवंती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “बरां दिसता,” म्हणाली. माझ्या कामाला तिने दिलेलं हे पहिलं सर्टिफिकेट.

ऑक्टोबरात माझी सून अनुजा घरून काम करायला लागली. तिला पाचवा महिना होता, ब्लडप्रेशर वर जात होतं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद सांगितला होता. ऐरोलीच्या एका कंपनीत ती विम्याचे क्लेम तपासते. तिच्या साहेबाने नाखुशीनेच परवानगी दिली. अट एकच, मीटिंगला हजर राहायचं. आम्ही बेडरूममध्ये टेबल टाकलं. मिक्सर, कुकरची शिटी आणि माझं बोलणं बाहेर राहावं म्हणून मीटिंग असली की ती दार लावून घ्यायची.

आणि नेमकं मीटिंगमध्येच इंटरनेट जायचं. आधी मंद व्हायचं, पडद्यावरची माणसं तोंड उघडं ठेवून थिजायची. मग पेटीवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि सगळं बंद. अनुजा दार उघडून बाहेर यायची. “बाबा, गेलं परत.” थोड्या वेळात ते आपोआप यायचं, तोवर मीटिंग संपलेली असायची.

मी कंपनीला फोन लावायचो. एक बाई गोड आवाजात सांगायची, “सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.” केलं, म्हटलं की, “सर, अजून एकदा करून बघा.” आम्ही फॉल्ट शोधायचो. हे लोक बटण दाबायला सांगतात आणि त्याला सेवा म्हणतात. एकदा मी तिला विचारलं, बाई, तुम्ही बोलताय कुठून? म्हणाली, सर, ते सांगायची परवानगी नाही. जिला आपण कुठे बसलोय ते सांगता येत नाही ती माझी लाइन कुठे तुटलीय ते काय सांगणार?

मुलगा स्वप्नील बँकेत आहे. तो संध्याकाळी येऊन फोनवर स्पीड मोजायचा. काटा फिरायचा आणि हा फोन माझ्या नाकासमोर धरायचा. “बघा बाबा, ऐंशी दाखवतंय. व्यवस्थित आहे.” ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणारा डॉक्टर. त्या दोघांच्या बेडरूममध्ये रात्रीसुद्धा स्लो असतं असंही तो एकदा म्हणाला होता. तो लहानपणापासून कुरकुऱ्या आहे, मी लक्ष दिलं नाही.

मी वही घातली. तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सोमवार ते शुक्रवार, अकराच्या आणि तीनच्या सुमाराला. शनिवार-रविवारी दिवसा एकदाही नाही. कंपनीने एका लाइनवर नको इतकी गिऱ्हाइकं बसवली होती आणि ऑफिसच्या वेळी ओझं झालं की आमच्यासारख्यांना तोडत होती. चोर साले. पानाच्या तळाला मी तसं लाल शाईने लिहून ठेवलं.

चौथ्या तक्रारीनंतर माणूस आला. फोनवर आधी त्याचं नाव, नंबर आणि फोटो आला होता. नाव दिनेश. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पाठीला शाळेच्या दप्तरासारखी बॅग. शिडी नाही, कमरेला पक्कड नाही, टेस्टर नाही. मी मनात म्हटलं, आला पाहुणा.

त्याने बॅगेतून मुठीएवढं एक यंत्र काढलं. मुख्य दाराबाहेर वायर सोडवून यंत्राला लावली, आकडा बघितला. मग आत येऊन पेटीजवळचं टोक काढलं आणि तिथला आकडा बघितला.

“दाराशी लाइट बरोबर येतेय,” तो म्हणाला. “पेटीशी कमी पडतेय. फॉल्ट मधे आहे, काका. ही पट्टी कोणी मारली?”

“मी.”

“उघडायला लागेल.”

‘फॉल्ट घरातला आहे’ हे वाक्य माझं होतं. नोकरीत असताना चार माळे परत चढायचा कंटाळा आला की मी ते वापरायचो. साहेब, बाहेरची लाइन ओके आहे, फॉल्ट घरातला आहे, तुमचा वायरमन बोलवा. असं सांगून मी किती जिने उतरलो असेन त्याची मोजदाद नाही. आता माझंच हत्यार माझ्या हॉलमध्ये माझ्यावर उगारणारा हा इसम मला इतका स्वस्तातला वाटला की हसू आलं.

“किती वर्षं करतोस हे काम?”

“अकरा.”

“मी चौतीस केलं. या पट्टीखाली एक खिळा वाकडा नाही. पेटी बदल, नाहीतर गच्चीवरची लाइन बघ.”

“बघून आलो काका. पेटी पण ठीक आहे. ही पट्टीच...”

“राहतोस कुठे तू?”

तो जरा गोंधळला. “शीव कोळीवाडा.”

“तरीच,” मी म्हटलं. “मासे सोलायचे सोडून वायरी सोलायला कोणी पाठवलं तुला?”

शेवंती त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. दिनेशने माझ्याकडे बघितलं. मग यंत्र बॅगेत ठेवलं, चेन लावली आणि पाणी न घेता निघून गेला.

“असा कोणाक बोलतत?” शेवंती म्हणाली.

“लायकीप्रमाणे बोललो.”

दहा मिनिटांत फोनवर कंपनीने विचारलं, तंत्रज्ञाच्या कामाला किती तारे द्याल? मी एक दिला. शून्याची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात कंपनीने पुन्हा त्यालाच पाठवलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. “पट्टी उघडू देणार असाल तर चपला काढतो.”

“नाही देणार.”

“मग आत येऊन काय करू?” त्याने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि मला दाखवलं. ‘ग्राहकाने काम करू दिले नाही.’

माझं डोकंच फिरलं. त्या दुपारी मी एका बोटाने दीड तास बसून कंपनीला तक्रार लिहिली. कामचोर, उर्मट, अर्धशिक्षित. स्वप्नीलने वाचून म्हटलंसुद्धा, “बाबा, जरा जास्त होतंय.” मी शेवटी आणखी एक वाक्य घातलं, ते त्याला दाखवलं नाही. घरातल्या गरोदर सुनेसमोर या इसमाने उद्धट वर्तन केलं. अनुजा त्या दोन्ही वेळा बेडरूममधून बाहेरही आली नव्हती. पण असल्या वाक्याला कंपन्या घाबरतात हे मला ठाऊक होतं.

तीन दिवसांनी संदेश आला. ‘आपल्या तक्रारीनुसार संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात आली आहे.’ मी तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. “म्हणजे काढला त्याला,” म्हटलं.

इंटरनेट मात्र जातच राहिलं. तीन मीटिंग बुडाल्यावर अनुजाच्या साहेबाने तिला ऑफिसात बोलावलं. सहावा महिना लागला होता. लालबागहून टॅक्सीने सायन, तिथून कंपनीची बस, ऐरोली. संध्याकाळी यायची ती पांढरीफटक होऊन, चप्पल काढायलाही वाकता येत नसे. मी दारात उभा राहून कंपनीला शिव्या घालायचो. तिला ते ऐकायला त्राण नसायचं.

मग दुसरा तंत्रज्ञ आला. इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याला सर. पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. जुनी पेटी काढली, नवी बसवली, नव्या पेटीचा फोटो काढला, पेटीसोबत माझा फोटो काढला. “सर, आता टेन्शन नाही.” आणि खरोखरच नेट जाईना. एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. मी त्याला पाच तारे दिले आणि शेवंतीला म्हटलं, “बघ, काम येणारा माणूस असा असतो.” अनुजा ऑफिसात असल्यामुळे ते दहा दिवस बेडरूमचं दार दिवसभर सताड उघडं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अनुजाने साहेबाची मनधरणी केली. सोमवारी ती पुन्हा घरून कामाला बसली. अकराला मीटिंग. तिने दार लावलं, नीट दाबून लावलं. अकरा वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. “बाबा, गेलं.” या वेळी ती एवढंच म्हणाली. लॅपटॉप बॅगेत भरला, बेडरूमचं दार मागे ओढून घेतलं आणि टॅक्सी बघायला खाली निघून गेली.

मी फोन हातात घेऊन पेटीसमोर खुर्ची टाकली. लाल दिवा. हेल्पलाइनचं संगीत वाजत होतं. वही बेडरूममध्ये राहिली होती म्हणून दार उघडून आत गेलो, वही घेऊन आलो. दिवा हिरवा. घाबरले, मी मनात म्हटलं, माझा नंबर बघूनच घाबरले.

इतक्यात शेवंती साडी बदलायला बेडरूममध्ये गेली आणि दार लावलं. दिवा लाल झाला. ती बाहेर आली. दिवा हिरवा झाला.

मी फोन बंद केला. उठलो आणि दार लावलं. लाल. उघडलं. हिरवा. हलकं लोटलं, हिरवाच, पण लुकलुकायला लागला. दाबलं, लाल. असं मी सात-आठ वेळा केलं असेल.

“ह्यां काय चाललांहा?” शेवंती म्हणाली.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन चौकटीजवळची पट्टी उचकटली. जिथे मी कानस मारून पट्टी पातळ केली होती, तिथे वायर चेपून सपाट झाली होती. दार दाबलं की तिच्यावरच बसत होतं. वरचे दोन कोपरे मी गुण्यात घेतले होते, तिथेही ती मोडल्यासारखी वळली होती. तांब्याची तार कशीही वळवा, खिळ्याखाली दाबा, बोलणं पलीकडे जातं. ही तांब्याची नव्हतीच. आत केसाएवढी काच होती आणि काचेतून उजेड जात होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पेपरात वाचलं होतं. पण वाचलेलं डोक्यात राहिलं आणि हातांनी चौतीस वर्षांचं काम केलं.

सगळी पट्टी काढली, खिळे उपटले, वायर सैल सोडली. दार दहा वेळा आपटून बघितलं. दिवा हिरवा राहिला. शेवंती दाराला टेकून सगळं बघत होती. तिला वायरीतलं कळत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं.

संध्याकाळी स्वप्नीलने विचारलं, “पट्टी का काढलीत?”

“रंग गेला होता.”

त्याने दार बंद असताना स्पीड मोजला आणि खूश झाला. “नवीन पेटीची सेटिंग आता बसलेली दिसते. तक्रार केल्याशिवाय हे लोक सुधारत नाहीत. तो आधीचा बेकार होता, काढला ते बरं झालं.”

मी भात कालवत राहिलो. ज्यांना मी महिनाभर चोर म्हणत होतो त्यांची माझ्या ताटासमोर तारीफ चालली होती आणि मला मान हलवावी लागत होती. गुरुवारपासून साहेबाने अनुजाला पुन्हा एक संधी दिली. मीटिंग पूर्ण झाली. ती बाहेर आली, माझ्यासाठी स्वतः चहा टाकला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही एवढं मागे लागलात म्हणून झालं. नाहीतर मला नोकरी सोडावी लागली असती.” तो चहा मी प्यायलो.

शेवंतीने शुक्रवारी विषय काढला. “आणि त्या माणसाचां काय?”

“कुठल्या?”

“जेका तुमी घरी बसवलात.”

मी दिनेशचा नंबर लावला. त्याने नाव ऐकलं आणि फोन कापला. शनिवारी सकाळी मी शीव कोळीवाड्याची बस पकडली.

घर शोधायला वेळ लागला नाही, वायरवाला दिनेश म्हटल्यावर दोघांनी बोट दाखवलं. दारात एक म्हातारी पाट टाकून बसली होती, समोर विळी आणि बोंबलांची टोपली. ती दिनेशची आई, दमयंती. वर न बघता म्हणाली, “दिनेश धक्क्यावर गेलाय, येल आता. बस तिकडं.” मी समोरच्या कट्ट्यावर बसलो.

“कंपनीचा काय तू?”

“नाही. लालबागला राहतो.”

तिला त्यातून काही कळलं नाही. हात चालवत ती आपणहून बोलत राहिली. बोट विकली त्या वर्षी पोरानं कोर्स केला. अकरा वर्षं उंच उंच बिल्डिंगींवर चढला, एक दिवस नागा नाही. आता महिना होत आला, पहाटे धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उतरवतो. “कुनी एक म्हातारा हाये. त्यानं लिवून दिलं, ह्यानं घरातल्या बाईसमोर वंगाळ वागणूक केली म्हनून. माज्या पोरानं! मेल्याच्या हातात काय कामधंदा नसंल.” तिने बोंबलाचं डोकं उडवलं. “तू वळखतोस त्याला?”

मी हो म्हणालो. एवढ्यात दिनेश आला. अंगातला बनियन ओला, हात लाल पडलेले. मला बघून थांबला.

मी उभा राहून सांगितलं. पट्टी काढली, वायर चेपली होती, फॉल्ट माझाच होता. आणि तक्रारीतलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

“मला माहिती होतं,” दिनेश म्हणाला. “पहिल्या दिवशीच. दाराशी लाइट पुरी होती, पेटीशी कमी. यात समजायला आहे काय? नवीन लागलेल्या पोरालापण कळतं.” आवाज चढला नव्हता. डांबरावर पडलेल्या पानाच्या पिंकेकडे माणूस बघतो तसं तो माझ्याकडे बघत होता. “तुम्हाला वाटलं मी टाळतोय.”

“हो.”

“तुम्ही टाळायचात वाटतं?”

माझ्या तोंडावरूनच त्याने ओळखलं.

“ठीक आहे. आणि ते दुसरं काय बोलला होतात, कोळीवाडा म्हटल्यावर? ते बोला परत. आईसमोर बोला.”

“दिनेश, मी माफी मागायला...”

“माफी नको. वाक्य बोला.”

शेजारच्या दारातली एक बाई हातातलं काम थांबवून ऐकत होती. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. खात्यात साहेबासमोर कधी मान खाली घातली नव्हती. मी ते वाक्य बोललो. मासे सोलायचे सोडून वायरी सोलायला कोणी पाठवलं. भर सकाळी, त्या गल्लीत, ते इतकं घाणेरडं ऐकू आलं की मला माझाच आवाज परका वाटला.

दमयंतीने विळीवरून हात उचलला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मेला तो मीच, हे तिला आता कळलं होतं.

“मासं सोलत नाय,” ती म्हणाली. “साफ करतात. सोलतात ती कोलंबी.” आणि पुढचा बोंबील उचलला.

दिनेश आत जाऊन शर्ट घालून आला. “चला. माटुंग्याला ऑफिस आहे. जे इथे बोललात ते तिथे लिहून द्या.”

त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या माळ्यावरची खोली. सुपरवायझर पंचविशीचा, कानात इअरफोनचं एक बोंडूक, नजर पडद्यावर. माझं ऐकून आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून हसला. “अंकल, म्हणजे वायर तुम्हीच दाबली आणि कम्प्लेंटपण तुम्हीच टाकली?” पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना हाका मारून त्याने ते पुन्हा सांगायला लावलं. ते तिघे हसत होते. दिनेश दाराशी उभा होता, तो हसत नव्हता.

“पण अंकल, केस क्लोज झालीय. सिस्टीममध्ये आता बदल नाही होत.”

“मग उघड.”

“तसा ऑप्शनच नाही.”

हे नाही म्हणणं मला चांगलं ओळखीचं होतं. मी कागद मागितला आणि खात्यात लिहायचो तशा अक्षरात सगळं लिहिलं. पट्टी कधी मारली, कुठे घासली, दिनेशने पहिल्या भेटीत काय सांगितलं, मी काय बोललो, तक्रारीत खोटं काय लिहिलं. खाली सही, पत्ता, मोबाईल नंबर. “हे तुझ्या वरच्याला पाठव. पाठवलंस की मी जातो.” आणि तिथेच बसलो. तो दोनदा जेवायला जातो म्हणाला, मी म्हटलं जा, मी आहे. पावणेतीन तासांनी वैतागून त्याने कागदाचा फोटो काढला, वर मेल केला आणि मला पडदा दाखवला. मी चष्मा लावून मेल शब्दन्‌शब्द वाचला. ‘कस्टमर मिस्टेक’ एवढंच लिहिलं होतं. खोटी तक्रार हेही लिही, म्हटलं. लिहिलं.

खाली उतरल्यावर मी दिनेशला म्हटलं, “चहा घेऊ या?”

“नको.” त्याने स्कूटरला किक मारली. “आणि मला फोन करू नका. लाइन बिघडली तर कंपनीला करा.”

घरी येऊन मी संध्याकाळी तिघांसमोर सगळं सांगितलं, तक्रारीतल्या खोट्या वाक्यासकट. स्वप्नील खो खो हसला. “बाबा! तुम्ही पण ना!” त्याच्या हसण्यात माफी होती, आणि इतकी स्वस्त माफी मला त्याच्याकडून घ्यावीशी वाटली नाही. अनुजा हसली नाही. तिने ताट बाजूला सरकवलं.

“माझं नाव घातलंत त्यात?” तिने विचारलं.

“नाव नाही. सून म्हणून लिहिलं.”

“मी त्या माणसाचं तोंडही बघितलं नव्हतं.” मग म्हणाली, “त्या बसमध्ये मी रोज पिशवी हातात धरून बसायचे, बाबा. उलटी होईल म्हणून. रोज.” ती उठून आत गेली. दार लावून घेतलं. नेट चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने शेवंतीकडून निरोप दिला की मीटिंगच्या वेळी मी घरात नसलो तर तिला बरं वाटेल. माझा आवाज भिंतीतून येतो. मी रोज अकरा वाजता खाली जाऊन बागेतल्या बाकावर बसायला लागलो. तिथे आमच्या जुन्या चाळीतले तीन-चार जण असतात. सगळ्यांच्या घरात इंटरनेट आहे आणि सगळे दुरुस्तीला येणाऱ्या माणसांना नावं ठेवत असतात. एकाने मला विचारलं, लाइनमन, तू तर यातला, तूच सांग. मी म्हटलं, मला यातलं कळत नाही. त्याला तो विनय वाटला.

पाच आठवड्यांनी मी माटुंग्याच्या ऑफिसात फोन केला. सुपरवायझरने आवाज ओळखला. “बोला अंकल, अजून काय दाबलंत?” मी दिनेशचं विचारलं. त्याला परत घेतला होता, सोमवारपासून, अँटॉप हिलच्या भागात. लालबाग नको असं त्यानेच सांगितलं होतं.

“आणखी काही काम होतं का?”

नव्हतं. मी फोन ठेवला. अकराला दहा कमी होते. शेवंतीला सांगून मी चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.